आपल्या कापसाने सजलेली मुंबई



उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटून झाली, की आपल्याला चार दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत कोणी माहूरला जातो, कोणी शेगावला, कोणी पंढरपूर गाठतो. देवदर्शन जरूर करावे. पण एखाद्या वर्षी घरच्या मंडळींना घेऊन मुंबई पाहून या, असे मी आज सुचवणार आहे. पिकावरची कीड आणि खताच्या मात्रा सांगणारा हा माणूस एकदम सहलीच्या गोष्टी कशा सांगू लागला, असे तुम्हाला वाटेल. तेच सांगतो.

इटली देशात मिलान नावाचे शहर आहे. नव्या तऱ्हेचे कपडे, नवी फॅशन पाहायला जगभरातले हौशी लोक तेथे जातात. आपल्या देशात हा मान मुंबईचा. तेथे आज जे अंगावर दिसते, ते दोन-तीन वर्षांनी यवतमाळच्या दुकानात आणि मग आपल्या गावच्या लग्नात दिसते. परंतु मुंबईचा हा रुबाब ज्या पैशावर उभा राहिला, त्यातला फार मोठा पैसा कापसाचा होता, आणि त्या कापसात वऱ्हाडचा कापूस होता. म्हणून मी म्हणतो, आपण मुंबईला जायचे ते आपल्या मालाचे सासर पाहायला. लेक दिली त्या घरी बाप एकदा तरी जाऊन येतोच ना?

माझे थोरले बंधू गेल्या वर्षीपर्यंत मुंबईला गेलेले नव्हते. त्यांनी शेती सांभाळली म्हणून मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकू शकलो. मी पुष्कळदा आग्रह करी, पण ते म्हणत, "आपला माल नेला अन् आपल्यालेच कापड विकलं. त्या शहरात काय पाहाचं?" या बोलण्यामागे दुखणे होते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, हे तुम्हाला आठवत असेल. त्या भावाला भुलून पुढच्या हंगामात दादांनी दहा एकर जमीन मक्त्याने केली, कर्ज काढले. अतिवृष्टीने पीक निम्म्यावर आले, आणि भाव पुन्हा चढेल म्हणून साठवलेला कापूस उन्हाळाभर घरात पडून राहिला. मुलांच्या अंगाला खाज सुटली, भाव मात्र उतरतच गेला. शेवटी सात हजारांच्या आसपास विकावा लागला. तेव्हापासून दादा कमी बोलू लागले. आपल्या जिल्ह्यात शेतकरी असा गप्प झाला की घरच्यांच्या पोटात गोळा उठतो. त्याचे कारण तुम्हाला सांगायला नको. मीच हट्टाने त्यांची आणि वहिनींची तिकिटे काढली.

वहिनींची अडचण वेगळीच होती. "भाऊजी, एवढ्या फॅशनच्या गावात मी या सुती पातळात कशी शोभीन?" मी म्हटले, "वहिनी, तिथे सुती कापडालाच मान आहे. तुम्ही निर्धास्त चला."

केव्हा आणि कसे जावे

जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. मुंबईत तेव्हा उकाडा कमी असतो आणि पावसाचे भय नसते. आपल्या शेताच्या दृष्टीनेही तो काळ बरा. फरदडीच्या मोहाने पऱ्हाटी उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. म्हणून डिसेंबरअखेर शेत मोकळे करा आणि मग गाडीत बसा. फरदडीचे दोन क्विंटल सोडल्याचे दुःख मुंबईत विसरता येईल.

पूर्वी आपला कापूस ज्या वाटेने गेला ती वाट मूर्तिजापूरची. अडीच फुटी रुळांची आपली शकुंतला १९०३ साली सुरू झाली ती कापूस वाहण्यासाठीच. यवतमाळच्या गाठी ती मूर्तिजापूरला नेई, तेथून मोठ्या गाडीने त्या मुंबई बंदरात जात आणि पुढे जहाजाने मँचेस्टरला. गंमत अशी की, शकुंतला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनले होते. ते १९९४ पर्यंत चालले. आता ती गाडी बंद आहे. तुम्ही एस.टी.ने धामणगावला जा आणि विदर्भ एक्स्प्रेस धरा. संध्याकाळी बसले की सकाळी मुंबई. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ते वेळेवर करून ठेवा. बिगरआरक्षित डब्यात बायकामुलांना घेऊन रात्र काढू नका.

पहिला दिवस : स्टेशन, मंडई, कापडबाजार

गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर थांबते. बहुतेक पाहुणे पिशव्या सांभाळत घाईने बाहेर पडतात आणि मुंबईतली सर्वांत देखणी इमारत न पाहताच पुढे जातात. तुम्ही तसे करू नका. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभे राहा आणि मान वर करून पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पकाराने हिचा आराखडा केला. काम १८७८ साली सुरू झाले आणि त्याला दहा वर्षे लागली. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे तो इंग्लंडचा, दुसऱ्यावर वाघ आहे तो हिंदुस्थानचा. भिंतीवर दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, फुले लहान मुलांना मोजायला सांगा. त्यांचा अर्धा तास मजेत जाईल. कमानींची घडण पुष्कळशी इटलीतल्या जुन्या इमारतींच्या धर्तीची आहे. २००४ साली या इमारतीला जागतिक वारशाचा मान मिळाला.

हातपाय धुऊन, चहा घेऊन दहा मिनिटे चालत गेले की महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ही १८६९ ची इमारत. आत जाण्याआधी प्रवेशद्वारावर पाहा. दगडात शेतकरी कोरलेले आहेत. हे काम लॉकवुड किपलिंग या कलावंताचे. एवढ्या मोठ्या शहराच्या दारावर शेतकरी कोरला आहे, आणि ज्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला त्या फुल्यांचे नाव त्या दाराला दिले आहे. दादा तेथे बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "दारावर तरी ठेवला आपल्याले."

मंडईच्या लगतच मंगलदास मार्केट आहे. छपराखाली अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना शेकडो कापडदुकाने. रविवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवा. मोठमोठ्या शिंप्यांपासून नाटक-सिनेमावाल्यांपर्यंत सगळे येथे कापड घ्यायला येतात. आतल्या माणसाच्या नात्याने चार गोष्टी सांगतो. पहिल्या दुकानात घेऊ नका, एक फेरी पुरी मारा. भाव विचाराल तेव्हा पन्हाही विचारा, कारण कमी पन्ह्याचे स्वस्त कापड शेवटी महाग पडते. घासाघीस करायला लाजू नका. आणि "प्युअर कॉटन" म्हटले म्हणून ते सुतीच असते असे नाही. कडेचा एक धागा मागून घ्या आणि मुक्कामी आल्यावर काडीने पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा बाजारात मात्र करू नका, सगळीकडे कापडच कापड आहे!

वहिनींना परीक्षेची गरज पडली नाही. त्या डोळे मिटून कापडावरून बोटे फिरवत आणि सांगत, "हे आपलं, हे नाही आपलं." दुकानदार चकित झाला. चाळीस वर्षे वेचणी केलेल्या बोटांना कापूस कळणार नाही तर काय? त्यांनी साड्या पाहिल्या, भाव केला, आणि घेतले नातीच्या फ्रॉकचे दोन मीटर कापड. सुती पातळाबद्दल मग त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

दुपारनंतर : वडाचे झाड आणि मनोरा

जेवण करून स्टेशनच्या दक्षिणेला फोर्ट भागात चालत जा. तेथे हॉर्निमन सर्कल नावाची गोल बाग आहे. एकेकाळी हे मोकळे मैदान होते आणि कापसाच्या गाठी येथे रचून ठेवत. पुढे १८४४ साली कापसाचा हा बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळ. समोर उंच पायऱ्यांचा टाउन हॉल आहे. त्याच्यासमोरच्या वडाखाली १८५० नंतरच्या काळात दलाल मंडळी जमत आणि सौदे करत. त्यातूनच पुढे १८७५ साली शेअर बाजार उभा राहिला. म्हणजे देशाचा शेअर बाजारसुद्धा आपल्या गावच्या पारासारख्याच एका पारावर सुरू झाला.

तेथून ओव्हल मैदानावर जा. मैदानाच्या एका बाजूला दगडी, टोकदार कमानींच्या इमारती आहेत, दुसऱ्या बाजूला १९३० च्या सुमारास बांधलेली गोल कोपऱ्यांची, रंगीत, नव्या चालीची घरे आहेत. दोन्ही बाजूंना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. दगडी बाजूला आहे राजाबाई टॉवर, सुमारे २८० फूट उंच. वर चढू देत नाहीत, पण मैदानावरून तो फार छान दिसतो. बांधकामात इटलीतल्या व्हेनिस शहराच्या इमारतींची छाया आहे. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमध्येच बसून होते.

या मनोऱ्याची गोष्ट प्रत्येक कापूस उत्पादकाने ऐकावी अशी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे धाव घेतली. भाव कल्पनेबाहेर चढले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे व्यापारी. त्यांनी या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचे, म्हणजे राजाबाईंचे नाव द्यायला सांगितले. आईला डोळ्यांनी दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, म्हणून घड्याळाचे टोले तिच्या कानी पडावेत ही इच्छा होती, असे सांगतात.

सगळ्यांना वाटले, ही तेजी कायमची. लोकांनी कर्ज काढून शेअर घेतले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या काढल्या. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. १ जुलै १८६५ ला सौद्यांची फेड करायची होती, त्या दिवशी कितीतरी घरे बुडाली. मागाहून बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मनोरा पुरा झाला १८७८ साली, तेजी ओसरून तेरा वर्षे झाल्यावर.

ही गोष्ट मी दादांना मैदानावरच्या गवतात बसून सांगितली. ते मनोऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे भावानं त्यालेही नाई सोडलं." आणि हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिले. आपण एकटेच मूर्ख ठरलो, हे ओझे माणसाला आतून खाते. एवढा मोठा धनी, ज्याच्या शब्दावर बाजार हाले, तोसुद्धा याच मोहात सापडला होता हे कळल्यावर ते ओझे थोडे उतरले असावे. प्रेमचंद नंतर पुन्हा सावरले, हेही मी त्यांना आवर्जून सांगितले.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. त्यासाठी पैसे पडत नाहीत. वहिनींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्या म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् एकही मोट नाही."

दुसरा दिवस : गिरणगाव

दुसऱ्या दिवशी हार्बर लाईनच्या लोकलने कॉटन ग्रीन स्टेशनला जा. नाव इंग्रजी असले तरी ते आपल्या कापसाचे आहे. शिवडीजवळ हलवलेला कापसाचा बाजार तो हाच. कॉटन एक्स्चेंजची इमारत येथेच आहे.

मग माटुंगा. येथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ पासून. धाग्याची लांबी, मजबुती, तलमपणा, रुईचा उतारा या गोष्टी यंत्रावर कशा मोजतात ते येथे कळते. आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी आणि दहा-वीस शेतकऱ्यांनी गटाने जावे. तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयातून पत्र मिळवता येईल. कापूस पाहताना आपण पांढरेपणा बघतो, गिरणी लांबी आणि स्वच्छता बघते. दव उतरल्यावर वेचणी करा, पहिल्या वेच्याचा आणि शेवटच्या वेच्याचा कापूस एकत्र करू नका, प्लॅस्टिकच्या पोत्याऐवजी सुती कापडाच्या झोळीत भरा, असे आम्ही वर्षानुवर्षे का सांगतो, त्याचे उत्तर येथे मिळेल.

शेवटी करी रोडला उतरून लोअर परळ पाहा. हे गिरणगाव. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, आणि पुढे या भागात चिमण्यांचे रानच उभे राहिले. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी येथे पाळ्या केल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी आता मोठा झगमगीत बाजार आहे. देशोदेशींच्या नामांकित कपड्यांची दुकाने तेथे आहेत. आत जायला तिकीट नाही. पिशवी तपासतात, त्यात अपमान मानू नका, सगळ्यांचीच तपासतात. काही घेतलेच पाहिजे असेही नाही.

एका दुकानात दादांनी सुती सदऱ्याची किंमत वाचली, तीन हजार रुपये. बाहेर बाकावर बसून त्यांनी मला हिशेब करायला लावला. तो तुमच्यासाठी येथे देतो. सदऱ्याचे वजन पाव किलो. कताई-विणाईतली घट धरून त्याला तीनशे ग्रॅम रुई लागते. एक क्विंटल कापसातून रुई निघते तेहतीस ते पस्तीस किलो. म्हणजे एका सदऱ्याला किलोभरापेक्षा थोडा कमीच कापूस लागतो. भाव क्विंटलला सात-आठ हजार धरला, तर आपल्या हाती साठ-सत्तर रुपये. बाकीच्या पैशात जिनिंग, सूत, विणाई, रंग, शिलाई, दुकानाचे भाडे, जाहिरात आणि नाव आले. सगळीच लूट आहे असे मी म्हणणार नाही. मधल्या माणसांचे श्रम आणि खर्च खरे असतात. पण कापूस बोंडातून काढून तसाच विकणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत लहान तुकडा येतो, हे खरेच. गटाने एकत्र येऊन निदान जिनिंग करून रुई आणि सरकी वेगवेगळी विकता येईल काय, याचा विचार गावोगाव व्हायला हवा.

चार सूचना

लोकलमध्ये सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ चढू नका. बायकांचा डबा वेगळा असतो, म्हणून चढण्याआधीच कोणत्या स्टेशनवर उतरायचे आणि कोठे भेटायचे ते ठरवा. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी असू द्या. पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा. मुक्कामासाठी स्टेशनवर गाठणाऱ्या दलालामागे जाऊ नका, जागा आधी ठरवून निघा. रस्ता विचारायला लाजू नका. मुंबईचा माणूस थांबणार नाही, पण चालता चालता बरोबर वाट सांगेल. आणि आपली बोली बदलू नका. वहिनींचे वऱ्हाडी ऐकून मंगलदासमधला दुकानदार खूश झाला होता.

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसले होते. बडनेरा मागे पडले, उजाडल्यावर शेते दिसू लागली. ते म्हणाले, "औंदा मक्ता नाई. घरच्या आठ एकरांत चारच एकर कापूस, बाकी तूर अन् सोयाबीन. अन् वेच्याचे ढीग येगळे ठेवतो." मी तीस वर्षे सभांतून हेच सांगत आलो होतो. त्यांना ते मुंबईने पटवले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या वर्षी पऱ्हाटी वेळेवर उपटा आणि एकदा जाऊन या. जाताना मान खाली घालून जाऊ नका. त्या शहराच्या अंगावरचा झगा ज्या सुताचा आहे, ते सूत आपल्या रानातले आहे.